धर्माची निंदा, भावना दुखावणं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२५ मध्ये महाल आणि हंसापुरीत जो हिंसाचार झाला, त्यानंतर या प्रश्नांचा ओघ वाढला. विचारणाऱ्यांत गणेश मंडळांचे कार्यकर्ते आहेत, मोमीनपुऱ्यातले दुकानदार आहेत, कायद्याचा अभ्यास करणारी पोरं आहेत. सगळ्यांत जास्त आहेत ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे धास्तावलेले ॲडमिन. एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आला असेल तिथे एकदाच उत्तर दिलं आहे आणि बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्यावर प्रत्यक्ष गुन्हा दाखल झाला असेल तर हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

१. धर्मनिंदा, भावना दुखावणं आणि द्वेषाचं भाषण. तिन्ही एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. धर्मनिंदेत निशाण्यावर श्रद्धा असते: देव, प्रेषित, ग्रंथ, शिकवण. भावना दुखावण्याच्या गुन्ह्यात कायदा श्रद्धा बाळगणाऱ्या समूहाकडे बघतो आणि बोलणाऱ्याचा हेतू तपासतो. द्वेषाच्या भाषणात निशाण्यावर माणसं असतात: "यांना घर देऊ नका, यांच्याकडून माल घेऊ नका, यांना हाकला." एखाद्या धर्माच्या स्वर्गाच्या कल्पनेची टिंगल करणं आणि त्या धर्माच्या भाजीवाल्याला बाजारातून उठवायला लोकांना चिथावणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे मात्र पहिल्यावर जास्त आरडाओरड होते.

२. आपल्याकडे नेमकी कलमं कोणती? जुने नंबर पाठ होते, आता सगळं बदललं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं १५३-अ, म्हणजे धर्म, जात, भाषा वगैरेंवरून गटागटांत वैर पसरवणं, ते आता कलम १९६ आहे. जुनं २९५, म्हणजे प्रार्थनास्थळ किंवा पवित्र वस्तूची नासधूस, आता २९८. जुनं २९५-अ, म्हणजे दुष्ट हेतूने एखाद्या समूहाच्या धर्माचा किंवा श्रद्धांचा अपमान करणं, आता २९९, आणि कुणाला ऐकू जाईल असं बोलून त्याच्या धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याचं जुनं २९८ आता ३०२. जुना २९८ आणि नवा २९८ वेगळे आहेत, हे वकीलही विसरतात.

शिक्षा अशा: १९६ आणि २९९ ला तीन वर्षांपर्यंत, १९६ चा गुन्हा प्रार्थनास्थळात केला तर पाच वर्षांपर्यंत, ३०२ ला एक वर्षापर्यंत. १९६ आणि २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो पोलीस ठाण्यात हक्काने मिळत नाही, न्यायालयात मागावा लागतो.

३. "माझ्या भावना दुखावल्या" एवढं म्हटलं की गुन्हा झाला का?

नाही. कलम २९९ मध्ये दोन शब्द जोडीने आहेत: जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २९५-अ वैध ठरवलं, पण ते याच जोडीच्या आधारावर. अनवधानाने, निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं तिथे स्पष्ट केलं आहे. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द केला.

कलम १९६ ला आणखी एक अट आहे. १९९७ च्या बिलाल अहमद कालू निकालानुसार तिथे किमान दोन गट हवेत. दुसऱ्या गटाचा काही संबंध न आणता एकाच समाजाच्या भावना डिवचल्या तर १५३-अ लागत नाही. तक्रारींत मात्र १९६ आणि २९९ सवयीने जोडीने टाकली जातात, चटणीसोबत भाकर यावी तशी.

४. पण दुखावलं की नाही, हे कुणाच्या मापाने ठरवायचं? काही जण तर हवेनेही दुखावतात.

हे माप आपल्या गावात तयार झालं आहे.

१९४६ साली भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार हे प्रकरण नागपूर उच्च न्यायालयापुढे आलं. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा: शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या कसोटीवर तपासायचा. कमकुवत, डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या कसोटीवर नाही. बोस हे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू. पुढे ते या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल ऑल इंडिया रिपोर्टर या न्यायनिकालांच्या संग्रहाच्या १९४७ च्या नागपूर भागात पान एकवर आहे, आणि ते रिपोर्टरही इथेच, काँग्रेसनगरातून निघतात.

नागपूर उच्च न्यायालय १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत संपलं, पण हे वाक्य संपलं नाही. १९८८ मध्ये फाळणीवरच्या दूरदर्शन मालिकेविरुद्धची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने तेच उचललं. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत दाखल झालेला गुन्हा रद्द करतानाही त्याचाच आधार घेतला. ही तारीख बघा: २८ मार्च. महालातला हिंसाचार १७ मार्चचा. ज्या महिन्यात शहरात संचारबंदी होती, त्याच महिन्यात या शहरातलं जुनं वाक्य दिल्लीत वाचलं जात होतं.

माझं मत विचाराल तर या विषयावर जगभरात जे काही लिहिलं गेलं त्यात याहून कामाची कसोटी क्वचितच सापडेल. अडचण एवढीच, की ती न्यायालयात लागते आणि चौकात लागत नाही.

५. हे २९५-अ इंग्रजांनी का आणलं?

१९२० च्या दशकात लाहोरला प्रेषित महंमदांच्या खासगी आयुष्यावर टीका करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशकावर १५३-अ खाली खटला झाला. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण हयात नसलेल्या धर्मपुरुषावरची टीका म्हणजे गटांत वैर पसरवणं असं त्या कलमातून निघत नव्हतं. संताप उसळला, आणि त्याच साली केंद्रीय कायदेमंडळाने २९५-अ मंजूर केलं. प्रकाशकाचा खून मात्र टळला नाही, तो १९२९ मध्ये झाला. मंजुरीच्या चर्चेत इतिहास लिहिणाऱ्यांना, सत्य शोधणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिलंच पाहिजे, असा आग्रह एका सदस्याने धरला होता. त्यांचं नाव महंमद अली जिना. "दुष्ट हेतू" ही अट याच काळजीतून आली.

नागपुरात मोठी दंगल झाली तीही १९२७ चीच. सप्टेंबर महिना, ठिकाण महाल.

६. संयुक्त राष्ट्रांत "धर्माची बदनामी" हा वाद होता म्हणतात. तो काय होता?

१९९९ मध्ये पाकिस्तानने इस्लामी देशांच्या संघटनेतर्फे तेव्हाच्या मानवी हक्क आयोगापुढे एक ठराव मांडला. पहिल्या मसुद्यात फक्त इस्लामच्या बदनामीचा विषय होता. इतरांनी हरकत घेतल्यावर "धर्मांची बदनामी" असं व्यापक शीर्षक झालं. पहिली दोन वर्षं ठराव मतदानाशिवाय मंजूर झाला, नंतर दरवर्षी मतदान होऊ लागलं. सप्टेंबर २००५ मध्ये डेन्मार्कच्या युलांड्स-पोस्टेन या दैनिकाने प्रेषितांची बारा व्यंगचित्रं छापली आणि वाद रस्त्यावर आला.

ठरावाच्या बाजूचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर पश्चिमेकडच्या देशांत दाढी, बुरखा, नाव यांवरून मुसलमानांची नोकरी, प्रवास, घर, सगळीकडे अडवणूक होत होती. प्रश्न होता तो उपायाचा. बदनामीचा कायदा माणसाच्या अब्रूसाठी असतो. फिर्याद माणूस करतो, आणि आरोपीला "मी लिहिलं ते खरं आहे" असं सिद्ध करायची मुभा असते. धर्माच्या बाबतीत फिर्यादी कोण? आणि खरं-खोटं कोणतं न्यायालय ठरवणार? एका धर्माचा मूळ सिद्धांत दुसऱ्याच्या दृष्टीने निंदाच असतो. वारकऱ्याचा अभंग कर्मठाला टोचला होता, तेव्हा इंद्रायणीत काय बुडवलं गेलं ते मराठी माणसाला सांगायला नको.

हळूहळू पाठिंबा आटत गेला. मार्च २०१० मध्ये, आयोगाच्या जागी आलेल्या मानवी हक्क परिषदेत, ठरावाला २० मतं अनुकूल, १७ विरुद्ध, ८ तटस्थ. त्याच वर्षी आमसभेत ७९ अनुकूल, ६७ विरुद्ध, ४० तटस्थ. पुढच्या वर्षी तो विषयच बदलला. ते पुढच्या प्रश्नात.

७. मग बदललं काय? "१६/१८" आणि "रबात" हे शब्द ऐकलेत, सोप्या भाषेत सांगा.

२०११ च्या जानेवारीत पाकिस्तानात पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांची त्यांच्याच अंगरक्षकाने हत्या केली. २ मार्चला अल्पसंख्याक मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले. दोघांनीही धर्मनिंदा कायद्यावर टीका केली होती. २४ मार्चला मानवी हक्क परिषदेने ठराव १६/१८ मतदान न घेता स्वीकारला, आणि तो मांडणारा देश पुन्हा पाकिस्तानच होता. मात्र आता शीर्षकात धर्म नव्हते, माणसं होती: धर्म किंवा श्रद्धेवरून व्यक्तींविरुद्ध होणारी असहिष्णुता, भेदभाव, हिंसा आणि हिंसेची चिथावणी. तात्काळ हिंसेची चिथावणी फौजदारी गुन्हा, बाकीच्यासाठी शिक्षण, संवाद आणि उलट बोलणं, अशी त्याची मांडणी आहे. त्याच जुलैत नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख करणारी समिती आणखी पुढे गेली. द्वेषाच्या चिथावणीची मर्यादा सोडली तर धर्मनिंदेचे कायदे करारात बसत नाहीत, असं तिने सांगितलं.

चिथावणी झाली हे ओळखायचं कसं, यावर २०१२ मध्ये मोरोक्कोची राजधानी रबात इथे कृती आराखडा ठरला. त्यात सहा गोष्टी एकत्र तपासायला सांगितल्या आहेत: त्या वेळची परिस्थिती, बोलणाऱ्याचं वजन, हेतू, मजकूर आणि त्याचा ढंग, तो किती दूर पोचला, आणि प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता किती जवळ आहे.

नागपुरावर लावून बघा. एकच टोमणा. धरमपेठेत मित्रांच्या टेबलावर मारला तर काही नाही. तोच एखाद्या पुढाऱ्याने तणावाच्या रात्री, माइकवरून, मिरवणूक प्रार्थनास्थळासमोर थांबवून मारला तर सहाच्या सहा खुणा पूर्ण.

८. २०२३ मध्ये कुराण जाळण्याविरुद्धच्या ठरावाला भारताने मत दिलं. म्हणजे भारताला धर्मनिंदेचा कायदा हवा आहे का?

एवढा मोठा अर्थ त्यातून निघत नाही. स्वीडनमधल्या घटनेनंतर जुलै २०२३ मध्ये परिषदेत तो ठराव २८ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला, ७ देश तटस्थ राहिले. भारत बाजूने, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी विरुद्ध आणि नेपाळ तटस्थ. ठरावाची भाषा "धार्मिक द्वेष" अशी होती, जुनी "बदनामी" तिथे नव्हती. विरोधकांना मात्र मागच्या दाराने जुनाच पाहुणा आत येतोय असं वाटलं.

भारताची जुनी तक्रार वेगळी आहे. २०२२ मध्ये आमसभेने १५ मार्च हा इस्लामद्वेषविरोधी दिवस ठरवला, तेव्हा हिंदू, बौद्ध, शीख यांच्याविरुद्धचा द्वेष का वगळता, असा सवाल भारताच्या प्रतिनिधीने केला. २०२४ च्या पुढच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. शेजारी, आखात, घरचं राजकारण, सगळं बघून ही मतं पडतात. त्यातून तत्त्व शोधायला जाल तर निराश व्हाल.

९. अमेरिका-युरोपात धर्माविषयी काहीही बोललेलं चालतं, खरं का?

अमेरिकेत जवळपास. १९५२ पासून तिथलं सर्वोच्च न्यायालय सांगतं, की धर्मांना न आवडणाऱ्या मतांपासून वाचवणं हे सरकारचं काम नाही. १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालानुसार बेकायदा कृत्य लगेच घडावं अशी चिथावणी असेल आणि ते घडण्याची शक्यताही असेल, तरच शिक्षा.

युरोप म्हणजे एकच मत नव्हे. इंग्लंडने धर्मनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये काढला. आयर्लंडने २००९ मध्ये नव्याने आणला आणि २०१८ च्या सार्वमताने घटनेतूनच उपटला. जर्मनीत सार्वजनिक शांतता बिघडेल अशा रीतीने श्रद्धेची हेटाळणी करणं आजही गुन्हा आहे. ऑस्ट्रियात प्रेषितांविषयी व्याख्यानात बोललेल्या बाईंना ४८० युरो दंड झाला, आणि २०१८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो चालवून घेतला. गंमत डेन्मार्कची: २०१७ मध्ये जुना धर्मनिंदा कायदा रद्द, आणि २०२३ च्या डिसेंबरात धर्मग्रंथांची जाहीर विटंबना करायला नवी बंदी.

१०. पाकिस्तानचा कायदा आपल्यासारखाच आहे असं कुणीतरी म्हणालं. पटत नाही.

मूळ एकच आहे. २९५-अ दोघांनाही इंग्रजांकडून वारशात मिळालं. फाटा फुटला तो जनरल झिया यांच्या काळात. १९८२ मध्ये २९५-ब आलं, कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप. १९८६ मध्ये २९५-क, प्रेषितांच्या अवमानाला देहदंड. २९५-क मध्ये दुष्ट हेतूची अट लिहिलेली नाही, आणि ते फक्त एकाच धर्माच्या प्रेषितांसाठी आहे. आसिया बीबी २०१० मध्ये दोषी ठरल्या आणि २०१८ मध्ये निर्दोष सुटल्या. मधली वर्षं तुरुंगात. हेतूची अट काढली की काय होतं, ते बघायला यापेक्षा लांब जायची गरज नाही.

११. मी लिहिलं नाही, फक्त फॉरवर्ड केलं. स्टेटस तर चोवीस तासांत जातं. आणि मी ॲडमिन आहे, माझं काय?

तीन उत्तरं.

फॉरवर्ड करणं म्हणजे प्रसारित करणंच. हेतू काय होता हे तपासलं जाईल, पण "माझं नाही" एवढ्याने सुटका नाही. नव्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख आता थेट कलमातच आहे.

स्टेटसचं: जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अशाच एका स्टेटसवरून दाखल गुन्हा रद्द करायला नकार दिला. स्टेटस ठेवणं म्हणजे आपल्या ओळखीच्यांना काहीतरी सांगणंच आहे, तेव्हा ते जबाबदारीने ठेवा, असं खंडपीठाने म्हटलं. चोवीस तासांत ते जातं, स्क्रीनशॉट जात नाही.

ॲडमिनचं: घाबरू नका. याच खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात ठरवलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. आधीच ठरवून केलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. ते प्रकरण धर्माचं नव्हतं, पण तत्त्व इथेही उपयोगी आहे. तरी मजकूर दिसला की काढा. कायद्यासाठी नाही, तर शेजारी राहायचं आहे म्हणून.

१२. आणि अफवा?

त्यासाठी वेगळं कलम आहे: ३५३. गटांत द्वेष पसरवायच्या हेतूने खोटी माहिती, अफवा किंवा घबराट पसरवणारी बातमी दिली तर तीन वर्षांपर्यंत. १७ मार्च २०२५ ला आंदोलनात जाळलेल्या चादरीवर कुराणाच्या आयती होत्या, अशी अफवा पसरली आणि संध्याकाळी दगडफेक, जाळपोळ सुरू झाली. शहरात त्या रात्री पोस्ट किती कडवट होती यापेक्षा ती खरी होती का, हा प्रश्न मोठा होता. अशा वेळी अपमानाच्या कलमापेक्षा अफवेचं कलम नेमकं बसतं, पण तक्रारदाराला पहिलंच आठवतं.

१३. दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा म्हणतात. त्यात देव मानणार नाही असं आहे. उद्या कुणी म्हणालं भावना दुखावल्या, तर?

म्हणू शकतं, म्हटलंही गेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत एका कार्यक्रमात या प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या, गदारोळ झाला आणि दिल्लीचे मंत्री राजेंद्र पाल गौतम यांनी राजीनामा दिला. तो राजकारणाचा निकाल होता, न्यायालयाचा नव्हे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी या प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा समोर लाखो माणसं होती. "मी अमुक देवाला मानणार नाही, त्याची उपासना करणार नाही" हे वाक्य स्वतःविषयी आहे. घटनेच्या २५ व्या कलमातल्या विवेकस्वातंत्र्याचं ते सरळ उदाहरण आहे. धर्म सोडायचा हक्क असेल तर सोडताना काय सोडतो ते सांगायचाही हक्क आहे. नाहीतर जगातलं प्रत्येक धर्मांतर आधीच्या धर्माची निंदा ठरेल. याच कारणाने मला "धर्माच्या बदनामी"ची कल्पना नागपुरात बसून तरी पचत नाही.

१९८७ मध्ये राज्य सरकारने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा चौथा खंड काढला, तेव्हाही राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. शेवटी "सरकार या मतांशी सहमत असेलच असं नाही" अशा अर्थाची टीप घालून परिशिष्ट राहिलं. इतिहासातल्या बऱ्याच बंदीपेक्षा ती टीप शहाणी होती.

१४. एखाद्या बाबाला "चमत्कार सिद्ध करून दाखव" म्हटलं तर धर्माचा अपमान होतो का?

नाही. बाबा म्हणजे धर्म नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात श्याम मानव यांनी बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना असं आव्हान दिलं होतं. शास्त्रींवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली कारवाई व्हावी ही मानव यांची मागणी होती, आणि पोलिसांना तपासात तसं काही आढळलं नाही. आव्हान देणंही कायदेशीर आणि पोलिसांचा नकारही कायद्याच्या चौकटीतला. असंच चालायला हवं.

२०१३ चा महाराष्ट्राचा तो कायदा नरबळी, अघोरी प्रथा आणि फसवणुकीविरुद्ध आहे. पूजा, वारी, कीर्तन, नवस यांना तो हात लावत नाही.

१५. मातीची मूर्ती माझी, पैसे माझे. मी फोडली तर कुणाच्या बापाचं काय जातं?

जाऊ शकतं. १९५३ मध्ये पेरियार यांनी तिरुचिरापल्लीत जाहीरपणे मातीची गणेशमूर्ती फोडली. खालच्या न्यायालयांनी ती पूजेतली मूर्ती नाही म्हणून तक्रार काढून टाकली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "पवित्र वस्तू"चा हा अर्थ फार आखूड आहे असं सांगितलं, मात्र बराच काळ लोटल्यामुळे प्रकरण पुन्हा उकरलं नाही. तेव्हा वस्तू कुणाची हे निर्णायक नाही. अपमानाचा हेतू किंवा जाणीव निर्णायक आहे. चितार ओळीतल्या मूर्तिकाराच्या हातून विसर्जनाआधी मूर्ती तुटली तर तो अपघात आहे.

१६. मला धर्म विचारून घर भाड्याने नाकारलं. हा अपमान नाही का? कोणतं कलम लावू?

इथे मला कायद्याची लाज वाटते. धर्माचा दुष्ट हेतूने अपमान केला तर तीन वर्षं. धर्म विचारून घर नाकारलं तर सहसा काहीच नाही. घटनेचं १५ वं कलम मुख्यतः सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी यांबद्दल ते खासगी माणसालाही लागू होतं, पण भाड्याच्या घराबद्दल तिथे शब्द नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारश्यांपुरतं ठेवण्याचा नियमही वैध ठरवला. सर्वंकष भेदभावविरोधी कायदा देशात नाही.

भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेला नागरी हक्कांचा करार मात्र भेदभावाविरुद्ध प्रभावी संरक्षण द्यायला सांगतो, आणि प्रश्न ७ मधल्या ठरावाचा खरा जोर इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांत देवाच्या सन्मानावर बारा वर्षं भांडण झालं, भाडेकरूचा प्रश्न आपल्याकडे आहे तिथेच आहे.

तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार मिळू शकतो. बौद्धांनाही, कारण १९९० पासून धर्मांतरित बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश आहे. त्याच कायद्यात, या समाजांना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान हाही गुन्हा आहे. पुतळ्यांच्या विटंबनेत तो लागतो.

१७. सरकारने पुस्तकावर बंदी घातली तर वाचकाने काय करायचं?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ९८ खाली सरकार पुस्तक जप्त करू शकतं. कलम ९९ खाली हितसंबंध असलेल्या व्यक्तीला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. शिवाजी महाराजांवरच्या एका अमेरिकन अभ्यासकाच्या पुस्तकावर राज्य सरकारने २००४ मध्ये घातलेली बंदी अशीच उच्च न्यायालयात उठली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पुस्तक दुकानात दिसणं हा मात्र त्यापुढचा प्रश्न.

१८. ठाण्यात तक्रार दिली तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे ना?

२०१३ च्या ललिताकुमारी निकालापासून दखलपात्र गुन्ह्याला हो. पण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) मध्ये एक पायरी आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ही पायरी शक्यतो वापरावी. उलट बाजूला, द्वेषाच्या भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवा, हा आदेश त्याच न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना दिला आहे. दोन्ही आदेश विसंगत नाहीत. एक कविता-चुटकुल्यांसाठी, दुसरा प्रश्न ७ मधल्या माइकवाल्यासाठी.

शिवाय याच संहितेच्या कलम २१७ नुसार १९६ आणि २९९ च्या खटल्याची दखल न्यायालय सरकारच्या मंजुरीशिवाय घेऊ शकत नाही. गुन्हा नोंदवायला मंजुरी लागत नाही, त्यामुळे कित्येक प्रकरणं नोंदीनंतर वर्षानुवर्षं लोंबकळतात. ती लोंबकळण हीच शिक्षा होऊन बसते.

१९. मी नास्तिक आहे. माझ्या भावनांना काही किंमत?

प्रश्न ७ मधल्या करारात आहे. विवेकस्वातंत्र्यात काहीही न मानण्याचं स्वातंत्र्य येतं, असं समितीने १९९३ मध्येच सांगितलं आहे. कलम २९९ मात्र धर्म आणि धार्मिक श्रद्धांविषयीच बोलतं. "नास्तिकांना ठोका" असं कुणी म्हटलं तर धमकीची, चिथावणीची साधी कलमं आहेत, आणि ती पुरेशी आहेत. तुमच्या नास्तिकतेची कुणी थट्टा केली तर तुम्हीही करा.

२०. मुलगा दुबईला आहे. तिथून फेसबुकवर लिहितो. इथला कायदा लागतो की तिथला?

दोन्ही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही न्याय संहिता लागू होते, खटल्याला केंद्राची परवानगी लागते. पण खरी काळजी तिथल्या कायद्याची करा. संयुक्त अरब अमिरातीत धर्मांच्या अवमानाविरुद्ध आणि द्वेषाविरुद्ध २०१५ पासून कडक कायदा आहे, २०२३ मध्ये तो नव्याने केला. २०२० मध्ये समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून तिथे काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. प्रश्न ३ मधलं "दुष्ट हेतू सिद्ध करा" हे तिथे म्हणता येईल असं धरून चालू नका. त्याला म्हणावं, जुन्या पोस्टही एकदा चाळ, आणि कंपनीचं नाव प्रोफाइलवरून काढ.